वॉटर टॅक्सी सकाळचीच का धरावी

बोरा बोराच्या विमानतळातून बाहेर पडलं की समोर रस्ता नसतो, धक्का असतो. विमानतळ मुख्य बेटावर नाहीच. मधल्या डोंगराळ बेटाला प्रवाळाचं कडं आहे, त्या कड्यावर वाळूची लांबट बेटुकली साचली आहेत आणि त्यांतल्याच एकावर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने धावपट्टी बांधली. आजही विमानं तिथेच उतरतात. त्यामुळे इथे आलेला माणूस कितीही मोठा असो, तो बॅगेसकट आधी बोटीत बसतो.

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर यात कुणाला नवल वाटत नाही. पनामाच्या बोकास देल तोरोत, बेलीझच्या किनाऱ्यासमोरच्या बेटांवर, मालदीवमध्ये, थायलंडच्या क्राबीत, फिलिपिन्सच्या पलावानमध्ये वॉटर टॅक्सी म्हणजे तिथली रिक्षाच. आठ-दहा मीटर लांबीची उघडी बोट, मागे बाहेरून लटकवलेलं एखाददुसरं आउटबोर्ड इंजिन, वर जमलं तर ताडपत्री. तिच्यात शाळेची मुलं जातात, गॅसचे सिलिंडर जातात, कोंबड्या जातात आणि उरलेल्या जागेत पर्यटक.

अशा ठिकाणी जाऊन आलेला कुणीही एक सल्ला हमखास देतो: सकाळची बोट धर. का, ते सहसा कुणी सांगत नाही आणि मीही विचारलं नव्हतं. एकदा निवांत जेवून दुपारी दोनची बोट घेतली. अगदी पुढची जागा मोकळी होती, तिथून छान दिसेल म्हणून हौसेने तिथे बसलो. पाऊण तासाने उतरलो तेव्हा कंबर धरली होती आणि पासपोर्टची पानं एकमेकांना चिकटली होती. मागे इंजिनाजवळ बसलेल्या आजीबाई मात्र कोरड्या ठणठणीत. त्यांच्या मांडीवरच्या ट्रेमधलं एकही अंडं फुटलं नव्हतं. पुढची जागा मोकळी का होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

लाट किती आखूड?

समुद्र खवळलेला आहे की नाही, हे आपण लाटेच्या उंचीवरून ठरवतो. बोटीत बसणाऱ्याने त्याआधी दोन लाटांमधलं अंतर बघावं.

खोल पाण्यात लाटेची लांबी तिच्या कालावधीवर ठरते. हजारो किलोमीटर दूरच्या वादळातून निघालेली लाट दर १२ सेकंदांनी येत असेल, तर तिच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत सुमारे २२५ मीटर अंतर असतं. ती मीटरभर उंच असली तरी आठ मीटरची बोट तिच्यावर अलगद चढते आणि अलगद उतरते. डोळे मिटले तर कळतही नाही. उलट जवळच्याच वाऱ्याने उठवलेली लाट दर ४ सेकंदांनी येते आणि तिची लांबी असते जेमतेम २५ मीटर. उंची तीच, एक मीटर, पण आता तिचा चढ उभा झाला. पहिली लाट म्हणजे घाटातला लांब वळणाचा रस्ता, दुसरी म्हणजे एकामागून एक गतिरोधक.

आता यात बोटीचा वेग मिसळा. वॉटर टॅक्सी २० नॉट्सने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चालली आहे असं धरू. ती २५ मीटरची लाट स्वतःही ताशी बावीसेक किलोमीटरने सरकत असते. बोट लाटांना सामोरी जात असेल तर दोन्ही वेगांची बेरीज होते आणि दर दीड सेकंदाला एक आदळा बसतो. मिनिटाला चाळीस. तीच बोट, तोच समुद्र, पण लाटा पाठीमागून येत असतील तर वजाबाकी होते आणि मिनिटाला दहाच लाटा ओलांडाव्या लागतात. जाताना हाडं खिळखिळी झाली आणि येताना डुलकी लागली, असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. दोन्ही वेळा समुद्र सारखाच होता, दिशा बदलली होती.

म्हणून "आज समुद्र कसा आहे?" या प्रश्नाला बोटवाला बहुतेक वेळा खांदे उडवतो. "तिकडे जाताना वारा तोंडावर की पाठीवर?" असं विचारा, लगेच हाताने दाखवून सांगेल.

आखूड लाटा तयार होतात कशाने? तीन गोष्टी लागतात: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहतोय आणि त्याला पाण्यावर किती लांब मोकळी धाव मिळाली. बेटाच्या आडोशाला वारा जोराचा असूनही पाणी बऱ्यापैकी शांत असतं, कारण तिथे वाऱ्याला धाव घ्यायला जागाच मिळालेली नसते. आडोसा संपला, बोट दोन बेटांमधल्या उघड्या पट्ट्यात आली, की एकदम चित्र बदलतं. तिथे वारा दोन डोंगरांच्या मधल्या फटीत कोंडून आणखी जोराने येतो. पहिली दहा मिनिटं "किती छान" म्हणणारे प्रवासी इथे गप्प होतात आणि हात आपोआप कठड्याकडे जातो.

आता सकाळ-दुपारचं कोडं सुटायला लागतं. खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात शिकलो आहोत. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा ती जागा घ्यायला धावते. हे खारे वारे दुपारी ऐन भरात असतात. रात्री जमीन निवते आणि खेळ उलटतो, पण तो वारा मंद असतो. शिवाय उष्ण कटिबंधात वर्षाचा बराच काळ पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतच असतात, उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून. खारे वारे त्याच दिशेचे असले तर दोघांची जोडी जमते. रात्रभर निवलेलं पाणी सकाळी आरशासारखं असतं, दहा-अकराला त्यावर सुरकुत्या येतात आणि दुपारी दोनला पांढरे फेसाळ तुरे दिसू लागतात.

मात्र हे मुख्य भूमीजवळच्या किंवा मोठ्या डोंगराळ बेटांजवळच्या पाण्याला लागू पडतं. चार माडांचं वाळूचं बेट एवढं तापत नाही, की त्याने वारा ओढून घ्यावा. भर समुद्रातल्या अशा बेटांभोवती सकाळ-दुपारचा फरक कमी असतो आणि तिथे वारा चार-चार दिवस एकाच लयीत वाहतो. म्हणून 'सकाळी शांत' हा मंत्र डोळे मिटून जपू नये. धक्क्यावर उभं राहून तुरे बघावेत. वारा सात ते दहा नॉट्स असेल तर तुरे अधूनमधून, तुरळक दिसतात. अकरा ते सोळाच्या वाऱ्यात ते जागोजाग उमटतात. जिकडे बघावं तिकडे पांढरं दिसत असेल, तर पुढची जागा कुणी फुकट दिली तरी घेऊ नये.

बोटीचं नाक

बोट सुटली की पहिली दोन-तीन मिनिटं नीट बघण्यासारखी असतात. धक्क्याजवळ ती सावकाश चालते आणि पाण्याला बाजूला सारत जाते. या चालीला एक मर्यादा आहे. बोट पुढे जाताना स्वतःच एक लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांब होते आणि एका क्षणी लाटेची लांबी बोटीएवढी होते. आठ मीटरच्या बोटीसाठी हा वेग साधारण सात नॉट्स. याच्या पुढे जायचं तर बोटीला स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं. बोटवाला थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, पुढे ढकलतो, इंजिन घुमायला लागतं, नाक आकाशाकडे जातं, मागचा भाग बसतो. सगळ्यांत जास्त इंधन याच टप्प्यात जळतं. मग अचानक नाक खाली येतं, आवाज मोकळा होतो आणि बोट पाण्यातून जाण्याऐवजी पाण्यावरून घसरत जाऊ लागते. बुडालेला भाग कमी झाला, घर्षण कमी झालं, वेग तिप्पट.

कधी कधी ती चढतच नाही. इंजिन ओरडतंय, नाक वरच, आणि किनारा आहे तिथेच. वजन जास्त झालंय किंवा सगळं वजन मागे आहे. मग बोटवाला दोन धट्टेकट्टे प्रवासी हेरतो आणि त्यांना पुढे यायची खूण करतो. ते उठून पुढे जातात, नाक दबतं, बोट चढते, आणि तो त्यांना परत जागेवर जायला सांगतो. नव्या प्रवाशाला वाटतं, हा उगाच उठबशा काढायला लावतोय. प्रत्यक्षात तुम्ही तेवढ्यापुरते हलतं वजन असता. बॅगा कुठे ठेवायच्या यावरून बोटवाले जो आग्रह धरतात, त्याचंही कारण हेच. तुमची जड सुटकेस त्याच्या दृष्टीने एक प्रवासीच आहे, फक्त तिला उठून पुढे ये म्हणता येत नाही.

घसरणाऱ्या बोटीचा मागचा तिसरा हिस्सा पाण्याला टेकलेला असतो आणि पुढचा हवेत. लाट आली की बोट मागच्या टोकावर टेकून झोके खाते, फळीचा सीसॉ एका टोकाला रोवावा तशी. त्यामुळे मागे बसलेला चार बोटं हलतो आणि पुढे बसलेला फूटभर उडतो. उडण्याचं काही नसतं, खाली येताना फळीवर आपटणं वाईट. पाठ ताठ ठेवून, पाय पुढे पसरून बसलेल्या माणसाच्या मणक्याला तो धक्का सरळ बसतो. वेगवान बोटींत पुढे बसलेल्यांच्या कमरेच्या मणक्याला चीर गेल्याची उदाहरणं डॉक्टरांना नवी नाहीत. पाठीचा त्रास असेल, गरोदर असाल, सोबत म्हातारं माणूस असेल, तर मागची जागा मागून घ्यायला लाजू नका. मागे इंजिनाचा आवाज आणि धुराचा वास असतो, तेवढं सोसावं. आजीबाईंनी ते सोसलं होतं.

बोटीचं बूड तीक्ष्ण इंग्रजी व्ही अक्षरासारखं असलं तर ती लाट कापत जाते. पण तशी बोट पाण्यात खोल बसते आणि इंधन जास्त पिते. वॉटर टॅक्सीला उथळ वाळूवर लागायचं असतं आणि भाडंही आवाक्यात ठेवायचं असतं, म्हणून बहुतेकींचं बूड सपाटीकडे झुकलेलं असतं. किनाऱ्यावरची सोय लाटेत आदळ्यांनी फेडावी लागते.

त्यातून मार्ग काढतो तो बोटवाल्याचा हात. चांगला बोटवाला थ्रॉटल एका जागी ठेवतच नाही. लाटेच्या चढावर थोडा वेग, माथ्यावर येताच हात सैल, म्हणजे बोट हवेत न उडता पलीकडे उतरते, मग लगेच पुन्हा वेग. लाटांना सरळ भिडण्याऐवजी तो त्या तिरक्या घेतो, थोडं इकडे, थोडं तिकडे. रस्ता लांबतो आणि एखादा प्रवासी घड्याळाकडे बघत म्हणतो, "हा सरळ का जात नाही?" त्याच्या मनगटाला एक लाल गुंडाळीची दोरी अडकवलेली आहे का, तेही बघा. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या कळीला असतं. तो पाण्यात पडला तर कळ निघते आणि इंजिन बंद होतं. दोरी मनगटाला असेल, तर या माणसाने आपण पडूही शकतो हे धरून चाललेलं आहे. मला अशा माणसाबरोबर जायला आवडतं. दोरी स्टीअरिंगला नुसती लटकत असेल तर मी त्याला मनातल्या मनात दोन गुण कमी देतो.

सगळीकडे आउटबोर्डच असतं असं नाही. थायलंडच्या लांब शेपटीच्या लाकडी होड्यांना गाडीचं किंवा ट्रकचं जुनं इंजिन बसवलेलं असतं, तेही एका खुंटीवर, चारी बाजूंनी फिरणारं. त्यातून लांबलचक दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला पंखा. पाणी उथळ झालं की बोटवाला इंजिनावर दाब देऊन अख्खा दांडा पाण्याबाहेर काढतो. दुरुस्ती कुठल्याही गॅरेजवाल्याला जमते, फक्त आवाज कान किटवणारा. या होड्यांच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, रंगीत फडकी आणि फुलांच्या माळा असतात. त्या माए या नांग या होडीच्या रक्षक देवतेसाठी असतात, म्हणून नाळेवर पाय देऊ नये. फिलिपिन्सच्या बांका होडीने वेगळी युक्ती केली आहे. दोन्ही बाजूंना बांबूचे हात पसरलेले, त्यामुळे अरुंद होडीही सहसा कलंडत नाही. मात्र त्या पसाऱ्यामुळे ती धक्क्याला चिकटत नाही आणि उतरायला एका अरुंद फळीवरून तोल सावरत जावं लागतं.

प्रवाळाची भिंत आणि तिची दारं

अशा छोट्या होड्यांनी समुद्रात फिरायचं धाडस मुळात शक्य होतं ते प्रवाळामुळे. प्रवाळाला उबदार, स्वच्छ, उथळ पाणी लागतं, म्हणून त्याच्या भिंती मुख्यतः उष्ण कटिबंधातच उभ्या राहतात. निरोगी प्रवाळभिंत लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा अडवते, असं जगभरच्या मोजण्या एकत्र करून २०१४ साली मांडलं गेलं. बेलीझच्या किनाऱ्यासमोर अशी सुमारे ३०० किलोमीटरची रांग आहे. बेलीझ सिटीहून की कॉकरला जाणारी वॉटर टॅक्सी पाऊण तासाचा सगळा प्रवास या भिंतीच्या आतल्या बाजूने करते. बाहेर कॅरिबियन समुद्र फुटत असतो आणि आत बोटीला फक्त वाऱ्याने उठवलेल्या आखूड लाटांशी झगडावं लागतं.

बेटाभोवती ही भिंत गोल कशी झाली, याचं उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये दिलं. समुद्रातला ज्वालामुखी थंड होऊन हळूहळू खचतो, त्याच्या काठाचं प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतं. आधी प्रवाळ किनाऱ्याला चिकटलेलं असतं, मग मध्ये पाणी शिरतं, आणि शेवटी डोंगर बुडून नुसतं कडं उरतं. बोरा बोरा मधल्या टप्प्यावर आहे, मालदीव शेवटच्या. १९५२ मध्ये एनिवेटोक या कंकणद्वीपावर छिद्र पाडून पाहिलं, तेव्हा सव्वा किलोमीटरहून जास्त प्रवाळखडक पार केल्यावर खाली खरंच ज्वालामुखीचा काळा दगड लागला. इंग्रजीत कंकणद्वीपाला 'अटोल' म्हणतात, तो शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतल्या 'अतोळु'वरून गेलेला आहे. ज्यांच्याकडे अशी २६ कंकणं आणि हजाराच्या वर बेटं आहेत, त्यांचाच शब्द जगभर जावा हे रास्तच.

भिंतीला दारं असतात. डोंगरावरून नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या गोड्या गढूळ पाण्यात प्रवाळ वाढत नाही, म्हणून दार बहुधा दरीच्या समोर सापडतं. बाहेरच्या बेटाकडे जायचं तर बोटीला या दारातून निघावं लागतं आणि सगळ्या प्रवासातला खरा अवघड तुकडा हाच. भरतीला पाणी दारातून आत धावतं, ओहोटीला बाहेर. शिवाय बाहेरच्या लाटा भिंतीवरून सतत पाणी आत टाकत असतात, त्यालाही बाहेर पडायला हेच दार. प्रवाह बाहेर निघालाय आणि वाऱ्याच्या लाटा आत येऊ बघतायत, असं झालं की लाटा दाबल्या जातात, आखूड होतात, भिंतीसारख्या उभ्या राहतात. पाऊण तासापूर्वी याच दारातून होडी मजेत गेली असेल, पण आता बोटवाला आतच थांबतो, इंजिन बंद करतो आणि विडी पेटवतो. तो आळशी नाही, तो पाणी वळायची वाट बघतोय.

बाली आणि लोंबोक यांच्यामधल्या सामुद्रधुनीत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागराकडे ज्या फटींतून वाहतं, त्यांतली ही एक. फट खोल आहे, त्यामुळे हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हाही ही दोन बेटं जमिनीने जोडली गेली नाहीत. १८५६ मध्ये निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस इथून पलीकडे गेला आणि जेमतेम पस्तीस किलोमीटरवर पक्ष्यांचं जगच बदललेलं पाहून चक्रावला. आज लोंबोकजवळच्या गिली बेटांकडे जाणाऱ्या वेगवान बोटी तीच सामुद्रधुनी पार करतात. ज्या खोल वाहत्या पाण्याने काकाकुवा आणि तांबट पक्षी वेगळे ठेवले, त्याच पाण्यावर प्रवाशांच्या पोटातलं ढवळून निघतं.

पोटाचं आलंच आहे तर तेही सांगतो. कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो, आपण हलतोय. डोळे मोबाइलमध्ये असतात, ते म्हणतात, आपण स्थिर आहोत. मेंदू गोंधळतो आणि मळमळायला लागतं. म्हणून नजर क्षितिजावर ठेवायची. गोळी घ्यायची तर बोटीत बसण्याच्या तास-अर्धा तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा समुद्रालाच अर्पण होते.

भरती-ओहोटी सगळीकडे सारखी नसते. कॅरिबियनमध्ये ती बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्याही आत, दिवसभर लक्षात येत नाही. थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी दोन-तीन मीटर वर-खाली होतं. क्राबीजवळच्या रेले इस्ट या किनाऱ्यावर ओहोटीत होड्या किनाऱ्याला लागूच शकत नाहीत, आणि बॅग डोक्यावर घेऊन चिखलातून चालत जावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हे हमखास, भांगाच्या भरतीच्या दिवसांत त्रास कमी. तिकीट काढण्याआधी पंचांग बघा म्हटलं तर लोक हसतील, पण इथे त्याचा खरोखर उपयोग आहे.

सुका मोसम, ओला प्रवास

पर्यटनाची माहितीपत्रकं सांगतात, कोरड्या मोसमात जा. पावसापुरतं ते बरोबर आहे. कॅरिबियनमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश निळंशार असतं, पण व्यापारी वारे ऐन जोरात असतात तेही याच दिवसांत. तिथले खलाशी त्यांना नाताळचे वारेच म्हणतात. वरून कोरडे आणि बोटीत चिंब, असा हा मोसम. उलट मे-जूनच्या आसपास वारा जरा मवाळ असतो, पण १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा मोसम धरतात. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, पाचेक अंशांच्या आत, चक्रीवादळं जवळजवळ होत नाहीत, कारण वाऱ्याला गोल फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम तिथे फार क्षीण असतो.

थायलंडमध्ये एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचे मोसम वेगळे. अंदमान समुद्राकडची बाजू मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या तोंडावर असते, आणि सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. आखाताकडच्या कोह सामुईला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट उलटली आणि ४७ जण गेले. हवामानाचा इशारा त्याआधी दिलेला होता. फिलिपिन्समध्ये सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा आला की तटरक्षक दल छोट्या होड्या सोडूच देत नाही. आपले पैसे अडकले, हॉटेलचं बुकिंग वाया गेलं म्हणून धक्क्यावर भांडणारे लोक मी पाहिलेत. अशा दिवशी जास्त पैसे घेऊन निघायला तयार होणारा बोटवाला शोधणं, हा मला सगळ्यांत वाईट सौदा वाटतो. लाइफ जॅकेट बसण्याच्या फळीखाली कोंबलेलं असेल तर सुटण्याआधीच काढून घालावं, आणि लहान मुलासाठी लहान मापाचंच मागावं. मोठ्या जॅकेटमधून मूल खाली सटकतं.

भाडं आणि सरहद्द

भाड्याचं गणित सोपं आहे. बोटीला इंधन माणसांवर नाही, फेरीवर लागतं. म्हणून एक तर बोट भरेपर्यंत थांबा आणि डोई भाडं द्या, नाही तर अख्खी बोट घ्या. अख्ख्या बोटीचं भाडं ऐकून डोळे पांढरे होतात, कारण त्यात बोटवाल्याची रिकामी परतफेरीही धरलेली असते. वाऱ्याविरुद्ध जायचं असेल तर तो जादा खर्चही त्यातच. मालदीवमध्ये शुक्रवारी सरकारी फेऱ्या कमी असतात, त्या दिवशी बऱ्याचदा खासगी स्पीडबोटच धरावी लागते. फिजीच्या यासावा बेटांपैकी बऱ्याच ठिकाणी धक्काच नाही. मोठं कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, भर पाण्यात थांबतं, गावातून छोट्या होड्या त्याला येऊन भिडतात आणि माणसं-बॅगा एकातून दुसऱ्यात हातोहात जातात. बॅगेला चाकं असून तिथे काही उपयोग नाही, धरायला पट्टा हवा.

सरहद्द मात्र विसरू नये. कॅरिबियनमधली सेंट जॉन आणि योस्ट वॅन डाइक ही बेटं एकमेकांना दिसतात, दोन्हीकडे अमेरिकी डॉलरच चालतो. पण पहिलं अमेरिकेने १९१७ मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलर्सना विकत घेतलेल्या बेटांपैकी, आणि दुसरं ब्रिटनच्या अखत्यारीतलं. अर्ध्या तासाच्या बोटीसाठी पासपोर्ट, जाताना तिथली तपासणी आणि येताना अमेरिकेची. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्या माणसाने आंघोळीपुरतं पलीकडे जाऊन येतो म्हणणं अंगाशी येऊ शकतं.

शेवटची बोट इतक्या लवकर का सुटते, हा प्रश्न राहिला. सूर्य सहाला मावळतो आणि धक्क्यावरची पाटी चार किंवा साडेचार सांगते. बोटवाला उथळ पाण्यात नकाशावर कमी आणि रंगावर जास्त चालतो: गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट म्हणजे खाली वाळू, तपकिरी-पिवळट म्हणजे प्रवाळ आणि पंख्याचा काळ. हे रंग सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असेल तरच दिसतात. ऊन तिरकं होऊन समोरून आलं की सगळं पाणी एकसारखं चांदीचं होतं आणि खडक दिसेनासा होतो. वर उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. दुपारचा वारा पडायची वाट बघावी तर उजेड जातो, उजेडात निघावं तर वारा भरात. चारची बोट म्हणजे या दोघांमधली तडजोड आणि ती भिजवते. परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं असेल तर मी ती तडजोड करत नाही. रात्री तिथेच राहतो, पहाटे पाणी आरशासारखं असताना धक्क्यावर येतो आणि मागची, इंजिनाजवळची जागा धरतो.